दोन्हीकडं तेच

डिसेंबर २०१८ मध्ये नगर शहरानं महापालिकेसाठी मतदान केलं. ६८ जागांपैकी शिवसेनेला २४ मिळाल्या, राष्ट्रवादी काँग्रेसला १८, भाजपला १४ आणि काँग्रेसला ५. राज्यात सत्ता भाजप-शिवसेनेची होती, राष्ट्रवादी विरोधात होती. २८ डिसेंबरला महापौराची निवड झाली आणि खुर्ची गेली तिसऱ्या क्रमांकाच्या भाजपकडं. ती मिळवून दिली राष्ट्रवादीच्या १८ नगरसेवकांनी. सगळ्यांत जास्त जागा जिंकणारी शिवसेना बाहेर बसली. पक्षानं त्या अठरा जणांना जानेवारीत काढून टाकलं, आणि हे नगरसेवक ज्यांचे समर्थक मानले जात त्या आमदार संग्राम जगताप यांना मार्चमध्ये लोकसभेचं तिकीट दिलं. अडीच वर्षांनी, जून २०२१ मध्ये, राज्यात महाविकास आघाडी होती. मग त्याच सभागृहात राष्ट्रवादीच्या पाठिंब्यानं शिवसेनेच्या महापौर झाल्या. मतदारांनी मात्र या सभागृहासाठी एकदाच मत दिलं होतं.

सत्ताधारी आणि विरोधक या दोघांवरही मतदाराचा विश्वास उरला नाही, असं प्रत्येक निवडणुकीआधी म्हटलं जातं. शहरी मध्यमवर्गाच्या तोंडी ते पुष्कळदा नुसतं कंटाळ्याचं वाक्य असतं. नगर जिल्ह्यात (सरकारी कागदावर ऑक्टोबर २०२४ पासून अहिल्यानगर, बोलण्यात अजून नगरच) त्या वाक्याला पुरावे आहेत. क्षेत्रफळानं राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा, चौदा तालुके, विधानसभेच्या बारा जागा, लोकसभेच्या दोन. इथल्या निवडणुका एकामागोमाग मांडून पाहिल्या की मतदार नेमका कशाला विटला आहे ते दिसू लागतं.

सुरुवात २०२४ पासून करावी लागते, कारण त्या एका वर्षात जिल्ह्यानं दोन वेळा मत दिलं आणि दोन्ही वेळा वेगळ्या बाजूला झोडपलं. जूनमध्ये नगर दक्षिणेत भाजपचे सुजय विखे पाटील २८,९२९ मतांनी पडले. २०१९ मध्ये हेच विखे पावणेतीन लाखांहून जास्त मताधिक्यानं निवडून आले होते. त्यांना हरवणारे नीलेश लंके दोन-अडीच महिन्यांपूर्वीपर्यंत अजित पवारांच्या राष्ट्रवादीचे, म्हणजे सत्ताधारी बाजूचेच, आमदार होते. शिर्डीत शिंदे सेनेचे सदाशिव लोखंडे पन्नास हजारांच्या फरकानं गेले. दोन्ही जागा महाविकास आघाडीकडं आल्या. पाच महिन्यांनी, नोव्हेंबरमध्ये, महायुतीनं बारापैकी दहा जागा घेतल्या. लंके यांना खासदार करणाऱ्या सहा विधानसभा मतदारसंघांपैकी पाच महायुतीकडं गेले, शिर्डीच्या सहापैकीही पाच. खुद्द लंके यांच्या पत्नी राणी लंके पारनेरात दीड हजार मतांनी हरल्या. संगमनेरात १९८५ पासून सलग आठ वेळा निवडून आलेले बाळासाहेब थोरात साडेदहा हजारांनी पडले.

लाडक्या बहिणीचे दीड हजार रुपये मधल्या काळात खात्यावर जमा होऊ लागले होते, त्याचा वाटा आहेच. पण एवढ्यानं सगळा उलटफेर समजत नाही. एक गोष्ट सहसा नजरेआड होते. जूनमध्ये हरलेल्या सुजय विखेंनी चाळीस मतदान केंद्रांवरच्या यंत्रांची पडताळणी मागितली. नोव्हेंबरमध्ये हरलेल्या आघाडीच्या अनेक उमेदवारांनीही तीच मागणी केली. आपल्याला मतदारांनी नाकारलं असेल, हे दोन्ही बाजूंना पटकन पटलं नाही.

याचं मूळ शोधायचं तर कारखान्यांपर्यंत जावं लागतं. विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगीळांच्या मदतीनं लोणीजवळ प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा केला आणि १९५०-५१ मध्ये पहिला गळीत हंगाम झाला. मग तालुक्यातालुक्यात कारखाना आणि कारखान्यामागं घराणं अशी जोडी तयार झाली. प्रवरेचे विखे, संगमनेरचे थोरात, कोपरगावात काळे आणि कोल्हे, नेवाशात मुळा कारखान्याचे गडाख, भेंड्याच्या ज्ञानेश्वरचे घुले, राहुरीचे तनपुरे, पाथर्डीकडं वृद्धेश्वरचे राजळे, श्रीगोंद्याचे नागवडे, अकोल्यात अगस्तीवर दीर्घकाळ पिचड. कारखान्यापाठोपाठ दूध संघ, बाजार समिती, सोसायट्या, कॉलेजं आली. ऊस कुणाचा आधी तुटणार आणि मुलाला प्रवेश कुठं मिळणार, ही कामं ज्याच्या हातात, तोच गावाचा खरा पक्ष. समाजशास्त्रज्ञ बी. एस. बाविस्कर यांनी कोपरगावच्या साखर कारखान्याचा अभ्यास करून १९८० मध्ये पुस्तक प्रसिद्ध केलं. कारखान्यातले गट आणि पक्षांचं राजकारण एकमेकांत किती गुंतलेलं असतं, हे त्यांनी तेव्हाच तपशिलानं मांडलं होतं.

तेव्हा बहुतेक घराणी काँग्रेसमध्येच होती. भांडण घरातलं होतं, झेंडा एक होता. १९९१ मध्ये नगर लोकसभेला बाळासाहेब विखे काँग्रेसचे उमेदवार यशवंतराव गडाखांविरुद्ध अपक्ष उभे राहिले आणि त्या निवडणुकीचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. पुढं बाळासाहेब विखे शिवसेनेत गेले, वाजपेयी सरकारात मंत्री झाले आणि काँग्रेसमध्ये परतले. त्यांचे पुत्र राधाकृष्ण विखे युतीच्या सरकारात मंत्री होते, नंतर काँग्रेसच्या सरकारातही. २०१४ ते २०१९ ते विधानसभेत विरोधी पक्षनेते होते. जून २०१९ मध्ये ते भाजपमध्ये गेले आणि ज्या सरकारला विरोध करत होते त्याच सरकारात गृहनिर्माणमंत्री झाले. श्रीगोंद्याचे बबनराव पाचपुते जनता पक्षापासून काँग्रेस, राष्ट्रवादी आणि भाजपपर्यंत गेले आणि पुन्हा पुन्हा निवडून आले. श्रीरामपूरचे भाऊसाहेब कांबळे यांनी २०१९ च्या एप्रिलमध्ये काँग्रेसकडून शिवसेनेविरुद्ध लोकसभा लढवली आणि ऑक्टोबरमध्ये शिवसेनेकडून काँग्रेसविरुद्ध विधानसभा. खासदार भाऊसाहेब वाकचौरे २००९ मध्ये शिवसेनेकडून निवडून आले, २०१४ मध्ये काँग्रेसकडून पडले, मग भाजप, मग अपक्ष असं फिरून २०२४ मध्ये ठाकरेंच्या शिवसेनेकडून पुन्हा दिल्लीला गेले.

या नोंदी चेष्टेसाठी नाहीत. अशा जिल्ह्यात ‘विरोधी पक्ष’ म्हणजे कोण, याचं उत्तर मतदारानं पक्षाच्या नावावरून काढायचं ठरवलं तर ते सहा महिने टिकत नाही. त्यात २०२२ च्या जूनमध्ये शिवसेना फुटली, २०२३ च्या जुलैमध्ये राष्ट्रवादी. चिन्हंसुद्धा बदलली. २०२४ च्या लोकसभेला शरद पवारांच्या पक्षाचं चिन्ह होतं तुतारी वाजवणारा माणूस आणि नुसती तुतारी एका अपक्षाला मिळाली होती. नगर दक्षिणेत त्या अपक्षाच्या नावावर चाळीस हजारांहून अधिक मतं पडली.

झेंड्यांखाली नात्यांचं जाळं आहे. नगरमध्ये त्याला ‘सोयरेधायरे’ म्हणतात आणि या शब्दात राग असतो. २०१९ च्या लोकसभेला राष्ट्रवादीचे उमेदवार संग्राम जगताप होते, तर त्यांचे सासरे, दिवंगत शिवाजी कर्डिले, त्या वेळी राहुरीचे भाजप आमदार. सासऱ्यानं जावयाविरुद्ध प्रचार करायचा होता. राहुरीचे प्राजक्त तनपुरे जयंत पाटलांचे भाचे, सत्यजित तांबे बाळासाहेब थोरातांचे. २०२३ मध्ये नाशिक पदवीधर मतदारसंघात काँग्रेसनं सत्यजित यांचे वडील डॉ. सुधीर तांबे यांना उमेदवारी दिली. त्यांनी अर्जच भरला नाही, मुलानं अपक्ष भरला. पक्षानं दोघांवर कारवाई केली, भाजपनं स्वतःचा उमेदवार दिला नाही आणि सत्यजित तांबे निवडून आले. त्या पदवीधर मतदाराला काँग्रेसला मत द्यायचं असतं तर काँग्रेसचा उमेदवारच मतपत्रिकेवर नव्हता.

कोपरगावचं उदाहरण याहून बोलकं आहे. २०१९ मध्ये राष्ट्रवादीचे आशुतोष काळे यांनी भाजपच्या स्नेहलता कोल्हे यांना ८२२ मतांनी हरवलं. राधाकृष्ण विखे यांचे मेहुणे राजेश परजणे अपक्ष उभे होते, आणि त्यांनी कुणाची मतं खाल्ली याची चर्चा पुढं अनेक वर्षं चालली. काळे-कोल्हे ही तालुक्यातली पिढ्यांची लढत. अजित पवार २०२३ मध्ये सत्तेत गेले, काळे त्यांच्याबरोबर गेले आणि काळे-कोल्हे एकाच महायुतीत आले. २०२४ मध्ये कोल्हे लढलेच नाहीत. काळेंचं मताधिक्य ८२२ वरून सव्वा लाखाच्या घरात पोचलं. पाच वर्षांत तालुक्याचं मत एवढं पालटलं असं मानायला कुणी धजणार नाही. मुंबईत झालेल्या एका समझोत्यानं कोपरगावातला निम्मा पर्याय काढून घेतला होता.

सहकारी संस्थांच्या निवडणुकांत तर पक्षचिन्हच नसतं, असतात ती पॅनलं. जून २०२३ मध्ये राहाता तालुक्यातल्या गणेश कारखान्यात काँग्रेसचे थोरात आणि भाजपचे विवेक कोल्हे एकत्र आले आणि त्यांनी भाजपचे मंत्री राधाकृष्ण विखे यांच्या पॅनलला १९ पैकी १८ जागांवर हरवलं. त्याआधी मार्चमध्ये जिल्हा सहकारी बँकेचा अध्यक्ष निवडायचा होता. संचालक मंडळात महाविकास आघाडीचं स्पष्ट बहुमत होतं, राष्ट्रवादीचे चंद्रशेखर घुले अध्यक्ष होणार हे धरून चाललं होतं. मतं मोजली तर भाजपचे कर्डिले १० विरुद्ध ९ अशा फरकानं निवडून आले आणि एक मत बाद ठरलं. मतदान गुप्त होतं. कुणी काय केलं याचा हिशेब कधी जाहीर झाला नाही, तर्क मात्र जिल्हाभर झाले.

‘वरून भांडतात, आतून एकच’ हा संशय अशा वेळी पक्का होतो. कर्जत-जामखेडला २०२४ मध्ये रोहित पवारांनी राम शिंदेंचा १,२४३ मतांनी पराभव केला. निकालानंतर दोनच दिवसांनी कराडच्या प्रीतिसंगमावर तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवारांनी पुतण्याला, माझी सभा झाली असती तर तुझं काय झालं असतं, अशा आशयाचं ऐकवलं आणि ते कॅमेऱ्यांनी टिपलं. महायुतीतले राम शिंदे उघडपणे म्हणाले की आपण कटाचा बळी ठरलो. हा आरोप खरा की खोटा ते बाजूला राहू द्या. सत्ताधारी आघाडीचा उमेदवारच जाहीरपणे असं म्हणत असेल, तर मतदारानं वेगळं काय समजायचं?

राजकारणाचे अभ्यासक रिचर्ड कॅट्झ आणि पीटर मेअर यांनी १९९५ मध्ये अशा स्थितीला एक चौकट दिली. सत्तेतले आणि विरोधातले पक्ष हळूहळू सरकारी साधनांवर एकत्रितपणे जगू लागतात, हरण्याची किंमत कमी होते आणि स्पर्धा वरवरची उरते, असं त्यांचं म्हणणं. ते लिहीत होते युरोपातल्या पक्षांबद्दल. तिकडं परिणाम असा झाला की पक्षांचे सभासद घटले, बऱ्याच देशांत मतदानही घटलं. नगरमध्ये मतदान घटलेलं नाही. २०२४ च्या लोकसभेला दक्षिणेत सुमारे ६६ टक्के आणि शिर्डीत ६३ टक्के लोकांनी मत दिलं, विधानसभेला जिल्ह्याचा आकडा सत्तरीच्या पुढं गेला. विटलेला मतदार घरी बसत नाही, तर तो काय करतो?

एक सरळ वाट ‘नोटा’ची. तिचं नगरशी नातं आहे. सर्व उमेदवार नाकारण्याचा अधिकार ही पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीच्या अण्णा हजारेंची जुनी मागणी. सर्वोच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०१३ च्या निकालानं नोटाचं बटण आलं, पण विधानसभा-लोकसभेला त्याला दात नाहीत. नोटाला सर्वाधिक मतं पडली तरी दुसऱ्या क्रमांकाचा उमेदवार निवडून येतो. राज्य निवडणूक आयोगानं नोव्हेंबर २०१८ मध्ये स्थानिक निवडणुकांपुरतं वेगळं ठरवलं. तिथं नोटा पहिला आला तर फेरनिवडणूक घ्यायची. नगर महापालिकेची ती निवडणूक या आदेशानंतर महिनाभरानं झाली, पण नोटानं कुणाची झोप उडवली नाही. लोकसभेलाही नगरमध्ये नोटाची मतं काही हजारांतच राहतात. महाराष्ट्रात नोटा ठळकपणे चमकला तो लातूर ग्रामीणमध्ये. २०१९ ला तिथं नोटाला २७,५०० मतं पडली आणि तो दुसरा आला. त्यामागंही निखळ उद्वेग होता की युतीतल्या जागावाटपाची नाराजी, यावर वाद आहेच.

दुसरी वाट गावबंदीची. २०२३ च्या शरदात मराठा आरक्षणाच्या आंदोलनात राज्यभर गावांच्या वेशीवर फलक लागले, सर्वपक्षीय नेत्यांना प्रवेश नाही. नगर जिल्ह्यातही ते होते. त्याच वर्षी सप्टेंबरात जामखेड तालुक्यात चौंडीला, अहिल्यादेवींच्या जन्मगावी, धनगर आरक्षणासाठी एकवीस दिवस उपोषण चाललं. सत्ताधारी आणि विरोधक दोघांनाही एकाच रांगेत उभं करणारा एवढा स्पष्ट निषेध या भागात क्वचितच झाला असेल. पण मराठा आंदोलनाचे नेते मनोज जरांगे पाटील यांनी ४ नोव्हेंबर २०२४ ला उमेदवार देण्याचा बेत मागं घेतला आणि वेशीवर फलक लावणाऱ्यांपुढं पुन्हा त्याच दोन आघाड्या उरल्या.

तिसरी वाट तिसऱ्या उमेदवाराची. शिर्डीत २०२४ च्या लोकसभेला वंचित बहुजन आघाडीच्या उत्कर्षा रूपवते यांना नव्वद हजारांच्या आसपास मतं मिळाली. श्रीगोंद्यात त्याच वर्षी विधानसभेला भाजपचे विक्रम पाचपुते जिंकले आणि दुसरे आले अपक्ष राहुल जगताप. आघाडीचा अधिकृत उमेदवार त्यांच्या मागं पडला. मात्र रूपवते काँग्रेसमधून आल्या होत्या आणि जगताप शरद पवारांच्या राष्ट्रवादीतून. बाहेरचा म्हणावा तो उमेदवारही आधी आतलाच असतो.

मुद्द्यांकडं पाहिलं तरी अनुभव तोच. निळवंडे धरणाचा प्रकल्प १९७० मधला. डाव्या कालव्याचं जलपूजन ऑक्टोबर २०२३ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते झालं. मधल्या ५३ वर्षांत काँग्रेस, पुलोद, युती, आघाडी, महाविकास आघाडी, महायुती असं सगळं राज्यात येऊन गेलं आणि खर्च पाच हजार कोटींवर पोचला. १८२ दुष्काळी गावांतल्या तीन पिढ्यांनी प्रत्येक पक्षाच्या तोंडून ‘यंदा पाणी’ ऐकलं. कांद्याचं तसंच. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रानं निर्यातबंदी घातली आणि नगरमध्ये मतदान व्हायच्या नऊ दिवस आधी, ४ मे २०२४ ला, उठवली. घोडेगाव आणि नेप्तीच्या बाजारात त्याचा राग होता, त्याचा फायदा लंके यांना झाला. पण डिसेंबर २०१० मध्ये बंदी आली तेव्हा केंद्रात काँग्रेस आघाडी होती आणि कृषिमंत्री होते शरद पवार. कांदेवाल्याला दोन्ही तारखा पाठ असतात.

तरीही ‘मतदार हताश झालाय’ असं म्हणून विषय मिटवता येत नाही, कारण निकाल दुसरंच काही सांगतात. लंके शिक्षकाच्या घरातले, त्यांच्यामागं कारखाना नाही. करोनात भाळवणीला चालवलेल्या कोविड सेंटरमुळं ते राज्याला माहीत झाले. त्यांनी हरवलं विखेंना. संगमनेरचे अमोल खताळ यांच्यामागंही कारखाना नाही. त्यांनी हरवलं थोरातांना. नेवाशात शंकरराव गडाख २०२२ च्या फुटीतही ठाकरेंबरोबर राहिले. निष्ठेचं बक्षीस मिळायला हवं होतं, पण विठ्ठलराव लंघे यांनी त्यांना पाडलं. म्हणजे मतदारानं निष्ठा की गद्दारी असा निवाडा केलेला नाही. सत्तेतल्यांना धडा आणि विरोधकांना संधी असाही केलेला नाही. या तीन ठिकाणी त्यानं तालुक्याच्या वाड्यावर राग काढला, मग वाडा महायुतीचा असो की आघाडीचा.

गोची पुढं आहे. लंके यांच्या पाठीशी शरद पवार होते आणि विखेंशी जुनं वैर असलेले थोरातही. खताळ हे विखेंच्या जवळचे भाजप कार्यकर्ते, ऐनवेळी शिंदे सेनेचं तिकीट घेऊन उभे राहिले. लंघे भाजपचे माजी जिल्हाध्यक्ष, तेही तसेच. एका वाड्यावरचा राग दुसऱ्या वाड्याच्या कामी आला. लोणीनं संगमनेरची नाराजी वापरली, संगमनेरनं लोणीची. कारखानदारीबाहेरचा माणूस नगरमध्ये निवडून येऊ शकतो, पण त्याला कुणा ना कुणा कारखानदाराचा हात लागतो, आणि निवडून आल्यावर त्या हाताचं देणं असतं. मतदाराचा उद्वेग खरा आहे. तो गोळा करून वापरणारी यंत्रणा मात्र त्याच्या मालकीची नाही.

स्थानिक संस्था हा यावरचा उतारा असायला हवा होता. तिथं खर्च कमी, ओळख समोरासमोरची, नवा माणूस उभा राहू शकतो. पण नगर जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि प्रशासक बसला. महापालिकेचीही मुदत डिसेंबर २०२३ मध्ये संपली. आरक्षणाच्या खटल्यांमुळं निवडणुका लांबत गेल्या, सर्वोच्च न्यायालयानं मे २०२५ मध्ये आदेश दिल्यावर हालचाल सुरू झाली. जानेवारी २०२६ च्या महापालिका निवडणुकांत राज्यभर साठहून अधिक जागा मतदानाआधीच बिनविरोध झाल्या, त्यांत अहिल्यानगरच्याही काही होत्या. याच जिल्ह्यात बिनविरोध निवडणूक हे आदर्श गावाचं लक्षण मानलं गेलं आहे. हिवरे बाजार आणि राळेगणसिद्धीत जानेवारी २०२१ मध्ये कित्येक वर्षांनी ग्रामपंचायतीसाठी मतदान झालं तेव्हा ती बातमी ठरली, आणि तेव्हाचे आमदार लंके यांनी बिनविरोध ग्रामपंचायतींना २५ लाखांचा निधी जाहीर केला होता. गावानं पारावर बसून एकमत करणं आणि शहरातल्या प्रभागात माघारीच्या दिवशी उमेदवारांनी अचानक अर्ज काढून घेणं यांत फरक आहे. दुसऱ्या प्रकारात नोटाचं बटण दाबायचीही सोय राहत नाही.

जिल्हा परिषदेला आता ७५ गट आहेत. तिकिटं कुणाच्या वाड्यावर ठरतात हे सगळ्यांना ठाऊक असतं, त्यामुळं तो प्रश्न कुणी विचारत नाही. विचारण्याजोगा प्रश्न निकालानंतरचा आहे. २०१८ च्या महापौर निवडीत आणि २०२३ च्या बँकेत जे झालं ते निवडून आलेल्यांनी केलं, मतदारांनी नव्हे. अध्यक्षपदाच्या मतदानाला तुमचा हात कुणाच्या बाजूनं वर जाणार, हे उमेदवाराला गटातल्या प्रचारसभेत, चारचौघांसमोर विचारता येतं. तशी सभा शेवगावात किंवा अकोल्यात झाली, तर उमेदवार काय उत्तर देतात यावरून पुढच्या अडीच वर्षांचा बराच अंदाज बांधता येईल.